घर विकायला एजंट निवडताय? तो कोणाच्या बाजूचा आहे ते आधी बघा

रिसेलचा फ्लॅट विकायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न असतो "किती येतील", आणि दुसरा "कोणाला सांगायचं". पहिल्यावर महिनाभर चर्चा चालते, दुसऱ्याचं उत्तर मात्र पाच मिनिटांत ठरतं, कारण कोपऱ्यावरच्या इस्टेट एजन्सीची पाटी रोज दिसत असते किंवा सोसायटीतल्या कोणाचा तरी मेहुणा हेच काम करत असतो. मला वाटतं वेळेची वाटणी उलटी हवी. किंमत बऱ्यापैकी बाजार ठरवतो, पण एजंट कोण असेल आणि कुठल्या अटींवर काम करेल हे पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि शेवटी आपल्या खात्यात किती पडतात त्यावर याचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप जास्त होतो.

मी हे मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे अशा ठिकाणच्या सोसायटीतल्या फ्लॅटबद्दल लिहितेय. बंगला, प्लॉट, गावाकडची जमीन यांचे कागद आणि कटकटी वेगळ्या असतात.

आधी एक साधा हिशोब

समजा फ्लॅट १ कोटी २० लाखाला जाईल असा अंदाज आहे आणि ब्रोकरेज १ टक्का ठरलंय, म्हणजे एजंटला तुमच्याकडून १ लाख २० हजार. मग एक पार्टी येते आणि १ कोटी १५ लाखावर अडून बसते. तुम्ही हो म्हटलंत तर तुमचे ५ लाख गेले. एजंटचे गेले ५ हजार. आणि ते ५ हजार मिळवायला त्याला अजून महिना-दोन महिने लोकांना घर दाखवत फिरायचंय, रविवार घालवायचे, फोन घ्यायचे, आणि एवढं करून दुसऱ्याच एजंटने गिऱ्हाईक आणलं तर हातात काहीच नाही. मग तो काय सांगणार? "काका, घेऊन टाका, पार्टी जेन्युइन आहे, लोन सँक्शन आहे, असा माणूस परत यायचा नाही." तो खोटंच बोलतोय असं मी म्हणत नाही, पार्टी खरंच चांगली असू शकते. पण त्याचा फायदा व्यवहार लवकर होण्यात आहे आणि तुमचा फायदा व्यवहार चांगल्या भावात होण्यात आहे, आणि या दोन्ही गोष्टी काही अंतरापर्यंतच सोबत चालतात.

यावर अमेरिकेत फार छान अभ्यास झालाय. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागो आणि आसपासच्या जवळपास १ लाख घरांच्या विक्रीचे आकडे तपासले, २००८ साली तो अभ्यास छापून आला. त्या घरांत काही हजार घरं अशी होती जी एजंटांची स्वतःची होती. तशाच इतर घरांशी तुलना केली तर एजंटांची स्वतःची घरं सरासरी ३.७ टक्के जास्त भावाला गेली आणि बाजारात साधारण साडेनऊ दिवस जास्त राहिली. म्हणजे स्वतःचं घर असलं की एजंट थांबतो, आणि दुसऱ्याचं असलं की "घेऊन टाका" म्हणतो. आपल्याकडची पद्धत वेगळी आहे, तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, पण टक्केवारीवर चालणाऱ्या माणसाचं गणित दोन्हीकडे तेच आहे. वरच्या उदाहरणात ३.७ टक्के म्हणजे जवळजवळ साडेचार लाख होतात.

यावर एक उपाय आहे जो फार कमी लोक वापरतात. ब्रोकरेज एकाच टक्क्यात न ठरवता टप्प्यात ठरवायचं. उदाहरणार्थ १ कोटी १५ लाखापर्यंत १ टक्का, आणि त्याच्या वर जे काही मिळेल त्या वरच्या रकमेवर १० टक्के. आता १ कोटी २० लाखाला विकलं तर एजंटला १ लाख १५ हजार अधिक ५० हजार, म्हणजे १ लाख ६५ हजार मिळतात. वरचे ५ लाख आणले तर त्याचे ५० हजार वाढतात, तुमच्याकडे साडेचार लाख उरतात. त्याला थांबायला कारण मिळालं. फक्त हा १ कोटी १५ लाखाचा आकडा तुम्ही ठरवायचा, त्याने नाही, आणि तो कसा काढायचा ते खाली सांगते. एजंट या पद्धतीला नाक मुरडेल, "असं कोणी करत नाही" म्हणेल, पण चांगला एजंट विचार तरी करतो.

दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस

आपल्याकडे बहुतेक वेळा एकच एजंट विकणाऱ्याकडूनही घेतो आणि घेणाऱ्याकडूनही घेतो. एकेका बाजूने १ टक्का, काही भागात २ टक्के. हे उघडपणे चालतं आणि लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. पण भाव ठरवायला समोरासमोर बसतो तेव्हा हा माणूस कोणासाठी बोलणार? त्याला दोघांकडून पैसे मिळणार आहेत, त्यामुळे तो फक्त व्यवहार व्हावा म्हणून बोलणार.

म्हणून पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, "घेणाऱ्याकडून पण ब्रोकरेज घेणार का, किती?" उत्तर हो असेल तरी लगेच नाही म्हणायची गरज नाही, पण मग दोन गोष्टी पाळा. एक म्हणजे तुमच्याकडचा टक्का कमी करून मागा. दुसरी जास्त महत्त्वाची, तुमचा शेवटचा आकडा आणि तुमची घाई त्याला सांगू नका. "मुलाची ॲडमिशनची फी भरायचीय", "नवीन घराचं पझेशन मार्चमध्ये आहे, त्याआधी हवेत", "एक-दहाच्या खाली मात्र नको" हे आपण गप्पांच्या ओघात बोलून जातो, चहा पिता पिता. दोन्ही बाजूंच्या माणसाला सांगितलेली गोष्ट म्हणजे समोरच्या पार्टीला सांगितलेली गोष्ट, असंच धरून चाला.

आणि एक पद्धत आहे ती तर साफ नाकारा. एजंट म्हणतो, "तुम्हाला हातात किती पाहिजेत तेवढं सांगा, वरचं माझं, तुमच्याकडून ब्रोकरेज नको." ऐकायला छान वाटतं, पण यात तुम्हाला खरा भाव कधीच कळत नाही. तुम्ही १ कोटी १० म्हटलंत आणि पार्टी १ कोटी २२ द्यायला तयार होती तर ती मधली रक्कम तुमच्या घराची होती. शिवाय रजिस्टर होणाऱ्या ॲग्रीमेंटमध्ये एकच किंमत येणार, मग वरचे पैसे एकतर कॅशमध्ये फिरवायला लागतात किंवा तुमच्या खात्यात येऊन परत काढून द्यायला लागतात, आणि टॅक्स तुमच्या डोक्यावर. १८७२ चा भारतीय करार कायदा एजंटच्या बाबतीत अगदी स्वच्छ आहे, मालकाला अंधारात ठेवून एजंटने त्याच व्यवहारात स्वतःचा फायदा काढला तर तो फायदा मालक मागू शकतो. पण तुम्हीच "वरचं तुझं" असं कबूल केलंत तर मग कशाच्या जोरावर मागणार.

रेरा नंबर किती कामाचा

"रेरा रजिस्टर्ड एजंट घ्या" हा सल्ला सगळे देतात. सल्ला बरोबर आहे पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे, म्हणजे बिल्डर आणि घरविक्रीवर नजर ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे, एजंटला नोंदणी लागते ती रेराकडे नोंदलेल्या प्रोजेक्टमध्ये बिल्डर जी घरं विकतो त्यासाठी. तुमचा वीस वर्षं जुना सोसायटीतला फ्लॅट विकून देणाऱ्याला कायद्याने ती सक्तीची नाही. याचा दुसरा अर्थ असा की रिसेलमध्ये एजंटने काही गडबड केली तर महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, धावता येईलच असं नाही. म्हणूनच तुमचा आणि त्याचा लेखी करार हाच तुमचा खरा आधार, त्यावर पुढे बोलूच.

तरी पण नंबर मागाच. महारेराच्या वेबसाइटवर एजंटचं नाव किंवा नंबर टाकून शोधता येतं, एजंटचा नंबर ए या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रोजेक्टचा पी ने. नोंदणी ५ वर्षांची असते, संपलेली तर नाही ना ते बघा. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केली आणि पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली, त्यामुळे नोंदणी असलेल्या माणसाने निदान कार्पेट एरिया (घराच्या आत वापरता येणारी जागा) म्हणजे काय, ॲग्रीमेंटमध्ये काय असतं एवढं वाचलेलं असतं, त्याचा पत्ता कुठेतरी नोंदलेला असतो. प्रामाणिकपणाची हमी मात्र कुठलाच नंबर देत नाही.

भाव त्याच्याकडून ऐकण्याआधी स्वतः काढा

हा भाग नीट वाचा, कारण माझ्या मते पूर्ण लेखात सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात.

तीन एजंट बोलावले की तीन आकडे मिळतात, आणि माणसाचा स्वभाव असा की जो सगळ्यात मोठा आकडा सांगतो तोच आपल्याला आवडतो. एजंटांना हे माहीत असतं. म्हणून काही जण मुद्दाम फुगवून सांगतात, "तुमचा फ्लॅट ना, आरामात एक-पस्तीस." काम त्यांच्याकडे जातं, मग दीड महिना कोणी फिरकत नाही, मग फोन येतो की मार्केट डाउन आहे, थोडं खाली या, मग अजून थोडं. तोपर्यंत तुमची जाहिरात जुनी झालेली असते आणि बघणारे विचारायला लागतात की हा फ्लॅट एवढे दिवस पडून का आहे.

पोर्टलवर दिसणारे भाव पण धरू नका, मॅजिकब्रिक्स असो, नाइन्टीनाइन एकर्स असो की हाउसिंग, तिथे लोकांनी मागितलेले भाव असतात. मिळालेले भाव सरकारकडे असतात, आणि ते आपल्याला बघता येतात. महाराष्ट्राच्या नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चची फुकट सोय आहे. तिथे वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकला की त्या मिळकतीत त्या वर्षी रजिस्टर झालेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती उघडते. तिच्यात मोबदला (ठरलेली किंमत), सरकारी बाजारभाव, क्षेत्रफळ, मजला, तारीख सगळं असतं.

इथे लोक अडकतात ते गावाच्या नावावर. तुम्ही राहता डोंबिवलीत, पण कागदावर गाव असतं गजबंधन पाथर्ली किंवा ठाकुर्ली. ठाण्यात घोडबंदर रोड म्हणतो तिथे कागदावर कोलशेत, कावेसर, माजिवडे अशी नावं असतात. तुमचं स्वतःचं ॲग्रीमेंट काढा, त्यात शेवटी मिळकतीचं वर्णन असतं, तिथे गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर मिळेल, तोच टाका. साइट कधीकधी फार हळू चालते, सकाळी लवकर किंवा रात्री करून बघा.

आपल्या सोसायटीतले आणि शेजारच्या सारख्या वयाच्या बिल्डिंगमधले गेल्या वर्ष-दीड वर्षातले चार-पाच व्यवहार मिळाले की प्रत्येकाचा चौरस फुटाचा भाव काढा. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. इथे सावध राहा, जुन्या दस्तांत बिल्टअप एरिया (भिंतींसकट मोजलेला) असतो आणि नव्यांत कार्पेट, दोन्ही मिसळलेत तर आकडा चुकणार, आणि सुपर बिल्टअपवर (जिना, लिफ्ट अशा सामायिक जागेचा वाटाही धरून) बोलणाऱ्या एजंटला लगेच थांबवून कार्पेटवर आणा. एखादा आकडा आजूबाजूच्यांपेक्षा फारच कमी दिसला तर तो घरातल्या घरात झालेला व्यवहार असू शकतो किंवा काही पैसे कागदाबाहेर दिलेले असू शकतात, तो सोडून द्या. पार्किंग, लिफ्ट, मजला, रीडेव्हलपमेंटची चर्चा यांनी फरक पडतो तो अंदाजाने धरा. जो पट्टा मिळेल त्याचा मधला आकडा तुमचा पाया. टप्प्याच्या ब्रोकरेजमधला आकडा इथूनच येतो.

मग एजंटला विचारा की तुम्ही सांगताय तो भाव कशावरून? जो माणूस म्हणेल "मागच्या दिवाळीत तुमच्या बी विंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा मी केला, एक-बाराला गेला, पण त्याला पार्किंग नव्हतं", त्याला काम माहीत आहे. आणि गंमत अशी की तो खरं बोलतोय का हे पण इंडेक्स टू मध्ये तपासता येतं. शेवटचे तीन व्यवहार सांगा, मागितलेला भाव किती होता, मिळाला किती, किती दिवस लागले, आणि त्या विकणाऱ्यांशी बोलता येईल का, एवढं प्रत्येकाला विचारा. विकणाऱ्याशी बोलणं झालं तर एकच विचारा, "पैसे पूर्ण हातात येईपर्यंत हा माणूस सोबत होता का?" बरेच एजंट ॲग्रीमेंट रजिस्टर झालं की फोन उचलायचं बंद करतात.

पहिल्या भेटीत तो काय मागतो

चांगला एजंट घर बघायला आला की हॉलची तारीफ करून झाल्यावर कागद मागतो. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे का, मूळ ॲग्रीमेंट आणि त्याची रजिस्ट्रेशनची पावती कुठे आहे, तुमच्या आधी दोन मालक होते तर त्यांची ॲग्रीमेंट्स आहेत का, बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, लोन चालू आहे का आणि किती बाकी, मेंटेनन्स थकलाय का. कारण घेणारा बहुतेक लोनवर घेणार, आणि बँकेचा वकील हे सगळं मागणारच. मागच्या मालकाच्या ॲग्रीमेंटची स्टॅम्प ड्युटी भरलेली नाही हे टोकन, म्हणजे बयाण्याची रक्कम, घेतल्यावर कळलं तर व्यवहार तिथेच लटकतो आणि तोपर्यंत दुसरी पार्टी निघून गेलेली असते.

आणखी एक प्रश्न तो विचारतो का बघा, "फ्लॅट कोणाच्या नावावर आहे आणि ते हयात आहेत का?" आपल्याकडे वडिलांच्या नावावरचा फ्लॅट आई नॉमिनी आहे म्हणून आईने विकायला काढला असं सर्रास होतं. नॉमिनी म्हणजे मालक असं धरून चालत नाही, सगळ्या वारसांचा हक्क असतो, बहिणीचाही, आणि तो हक्कसोड पत्राने किंवा सगळ्यांच्या सह्यांनी मोकळा करावा लागतो. हे आधी न विचारता "फोटो पाठवा, टाकतो पोर्टलवर" म्हणणारा एजंट तुम्हाला पुढे अडचणीत आणेल.

सोसायटीचे नियमही त्याला माहीत हवेत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, ट्रान्सफरसाठी सोसायटीला १५ दिवसांची नोटीस द्यायची असते आणि महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो. "डोनेशन" म्हणून लाखभर मागणाऱ्या कमिट्या अजून आहेत, तिथे एजंट तुमच्या बाजूने बोलणार की "देऊन टाका, विषय संपवा" म्हणणार, ते विचारून ठेवा. घेणाऱ्याला एकूण किती पडतील हेही त्याला तोंडपाठ हवं, मुंबईत ६ टक्के, ठाण्या-पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, महिलेच्या नावावर १ टक्का सवलत, रजिस्ट्रेशन ३० हजारापर्यंत. घेणाऱ्याचं बजेट या सगळ्यासकट असतं आणि हे आधी न सांगितल्यामुळे शेवटच्या क्षणी भाव पाडायला पार्टी परत येते.

कोणाला घर दाखवायचं यात एजंट जात, धर्म, व्हेज-नॉनव्हेज यांची चाळणी लावत असेल तर त्याला थांबवा. माणुसकीचा प्रश्न तर आहेच, शिवाय तो तुमचे गिऱ्हाईक कमी करतोय.

एकाला द्यायचं की पाच जणांना

पाच जणांना सांगितलं की लवकर विकलं जाईल असं वाटतं. होतं असं की एकच फ्लॅट पोर्टलवर पाच वेळा दिसतो, पाच वेगळ्या भावांना, कधी कोणाच्या तरी भलत्याच हॉलच्या फोटोसकट, आणि घेणारा साहजिकच सगळ्यात खालच्या भावापासून बोलायला सुरुवात करतो. फोटो नीट काढायला, जाहिरातीवर खर्च करायला कोणीच तयार नसतं, कारण उद्या दुसरा कोणी विकेल. आणि सगळ्यात मोठी कटकट, एकाच पार्टीला दोन एजंटांनी घर दाखवलेलं असतं आणि दोघंही दारात येऊन ब्रोकरेज मागतात.

एकालाच दिलं तर तो मन लावून काम करतो, पण माणूस चुकीचा निघाला तर तुम्ही अडकता. मला पटणारी पद्धत ही की ६० किंवा ९० दिवसांसाठी एकालाच द्यायचं, शेवटची तारीख कागदावर लिहून, आणि त्याने इतर एजंटांच्या गिऱ्हाइकांनाही घर दाखवलं पाहिजे ही अट घालून. त्या एजंटांनी आपलं ब्रोकरेज घेणाऱ्याकडून घ्यावं. पाच जणांनाच द्यायचं असेल तर निदान सगळ्यांना एकच भाव सांगा आणि प्रत्येक व्हिजिटच्या आधी पार्टीचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे व्हॉट्सॲपवर पाठवायला लावा, ज्याने आधी पाठवलं त्याची पार्टी. नंतरची भांडणं निम्म्याहून कमी होतात.

कागदावर काय लिहायचं

इथे आपली भीड आडवी येते. एजंट ओळखीचा असतो, सोसायटीतला असतो, नात्यातला असतो, त्याला "लिहून दे" कसं म्हणायचं? पण भीड भिकेची बहीण हे आपल्याच आजीने सांगितलंय, आणि लाखाच्या वरचा व्यवहार तोंडी ठेवण्यात कोणाचंच भलं नाही, त्याचंही नाही. दोन पानांचं साधं पत्र पुरतं, दोघांच्या सह्या. त्यात ब्रोकरेज किती, त्यावर जीएसटी लागणार का ते हवं, कारण एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के येतात, १ लाख २० हजारावर २१,६०० होतात आणि हे बहुतेक वेळा शेवटी कळतं. मुदत किती ते हवं. सोसायटीतल्याच कोणी, भाडेकरूने किंवा तुमच्या नातेवाइकाने घेतलं तर ब्रोकरेज लागणार नाही हे हवं. मुदत संपल्यावर त्याने दाखवलेल्या पार्टीने घेतलं तर त्याचं ब्रोकरेज त्याला मिळणार, हे न्यायाचंच आहे, पण किती महिन्यांपर्यंत ते लिहा आणि मुदत संपली की त्याच्याकडून पार्ट्यांची यादी घ्या.

आणि पैसे कधी द्यायचे ते सगळ्यात ठळक लिहा. एजंट म्हणतो रजिस्ट्रेशनच्या दिवशी पूर्ण. पण पार्टी लोनवाली असेल तर रजिस्ट्रेशनच्या दिवशी तुमच्या हातात फक्त तिचा स्वतःचा हिस्सा आलेला असतो, बँकेचा मोठा चेक नंतर येतो, आणि त्या मधल्या काळातच एजंटची खरी गरज असते. अर्धं रजिस्ट्रेशनला आणि अर्धं पूर्ण रक्कम खात्यात आल्यावर, असं ठरवा. करार कायद्यातही वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्यावरच एजंटचा मोबदला देय होतो, म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

काही गोष्टींना मात्र कितीही ओळख असली तरी नाहीच म्हणायचं. टोकन एजंटच्या खात्यात किंवा हातात नाही, थेट तुमच्या खात्यात चेकने किंवा बँक ट्रान्सफरने. मूळ कागद एजंटकडे ठेवायला नाही, झेरॉक्स द्या आणि त्यावर आडवं लिहा की फक्त या फ्लॅटच्या विक्रीसाठी. काही रक्कम कॅशमध्ये घ्या असा आग्रह झाला तर उठा तिथून, स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्स कायद्याने बंद आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो, म्हणजे अडकणार तुम्ही, सुचवणारा एजंट नाही. आणि पॉवर ऑफ ॲटर्नी एजंटच्या नावाने कधीच नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय की पॉवर ऑफ ॲटर्नीवर मालकी हस्तांतरित होत नाही, पण तुमच्या नावाने सही करायचा अधिकार दिलात तर होणारा मनस्ताप तुमचाच.

हे परदेशातल्या लोकांना जास्त लागू आहे. न्यू जर्सीत किंवा सिंगापूरमध्ये राहून कोथरूडचा फ्लॅट विकायचा तर एजंटवरच सगळं सोपवायचा मोह होतो. पॉवर ऑफ ॲटर्नी द्यायचीच झाली तर भावाला, बहिणीला द्या, फक्त या एका फ्लॅटपुरती. आणि एजंटला टीडीएसबद्दल, म्हणजे घेणारा पैसे देतानाच जो टॅक्स कापून सरकारकडे भरतो त्याबद्दल, विचारून बघा. विकणारा इथला असेल तर ५० लाख किंवा जास्त किमतीवर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो, पण विकणारा एनआरआय असेल तर नियम वेगळा, बराच जास्त कापला जातो, आणि तो कमी करायला आयकर विभागाकडून आधीच सर्टिफिकेट काढावं लागतं ज्याला वेळ लागतो. "त्यांचा पण एकच टक्का" म्हणणारा एजंट एनआरआय फ्लॅटच्या कामाचा नाही.

व्यवहार पूर्ण झाला, पैसे आले, की ब्रोकरेज चेकने किंवा ट्रान्सफरनेच द्या आणि त्याचं बिल घ्या, एजंटचा पॅन आणि जीएसटी नंबर असलेलं. कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीतला नफा, काढताना विक्रीसाठी दिलेलं ब्रोकरेज विक्रीच्या रकमेतून वजा होतं. फ्लॅट २४ महिन्यांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल तर तो लाँग टर्म धरला जातो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के टॅक्स आहे, त्या तारखेआधी घेतलेल्या घराला इथल्या रहिवाशाला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्याय पण आहे, दोन्ही मांडून बघायला सीएला सांगा आणि ब्रोकरेजचं बिल त्याच फाइलमध्ये लावा.